चिठ्ठ्यांच्या डब्यात नाव कुणाचं?

दरवर्षी मार्च उलटला की मुंबईत एक वाद ठरल्यासारखा पेटतो. कुठल्या तरी शाळेच्या फाटकाबाहेर पालक फलक घेऊन उभे राहतात, चॅनेलवाले माईक पुढे करतात आणि रात्री पडद्यावर दोन बाजू एकमेकांवर ओरडतात. एक बाजू म्हणते, शाळा लुटतात. दुसरी म्हणते, परवडत नसेल तर दुसरी शाळा बघा. हाच वाद मग आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर उतरतो. यंदा एकांनी लिहिलं, 'पीटीए म्हणजे शाळेचीच माणसं. तिथे जाऊन वेळ फुकट घालवू नका.' त्याखाली भराभर अंगठे उमटले. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण अंगठा देणाऱ्यांपैकी एकही जण पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या सभेत मला दिसलेला नव्हता. वाद फी किती वाढली यावर चालतो. ती ठरली त्या दिवशी त्या खोलीत आपल्या बाजूनं कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पालक-शिक्षक संघ आज बऱ्याच शाळांत दुबळा आहे, काही ठिकाणी तो कागदावरच आहे, हे मला मान्य आहे. पण त्याच्या दुबळेपणाचं सर्वांत मोठं कारण आपण, म्हणजे न येणारे पालक आहोत. म्हणून ज्यांना संघ निरुपयोगी वाटतो त्यांनीच आधी त्यात नाव द्यायला हवं.

हा संघ चालतो कसा, हे ठाऊक नसतानाच त्याच्यावर निकाल दिला जातो, म्हणून आधी ते बघू. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीचं नियमन करणारा कायदा २०११चा आहे. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१४मध्ये लागू झाला. शाळा कोणत्याही मंडळाची असो, शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांच्या आत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. शाळेतला प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक त्याचा सदस्य असतो. म्हणजे 'मी पीटीएत नाही' हे वाक्यच चुकीचं आहे. मूल शाळेत आहे तर तुम्ही त्यात आहातच. प्रश्न उरतो कार्यकारी समितीचा. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. निम्म्या जागा बायकांच्या. आणि यातले पालक निवडायचे ते सोडत काढून, इच्छुक पालकांच्या नावांतून.

'इच्छुक' या शब्दापाशी थांबायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. सोडत ठेवण्यामागे हेतू असा, की शाळेनं आपल्या मर्जीतली माणसं नेमू नयेत आणि पालकांतही निवडणुकीचं राजकारण माजू नये. पण सोडत निघायला डब्यात चिठ्ठ्या तर हव्यात. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा सभेला गेले तेव्हा हॉलमध्ये तीनेकशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि आम्ही जेमतेम चाळीस जण होतो. मुलीच्या इयत्तेत चार तुकड्या, दीडशेच्या वर मुलं. डब्यात चिठ्ठी एकही नाही. वर्गशिक्षिका ओळीत फिरत विचारत होत्या, 'तुम्ही देता का हो नाव? कुणाचं तरी हवंय.' मी दिलं. सोडत झालीच नाही, एका नावातून काय सोडत काढणार? मी नसते तर बाईंनी ओळखीच्या एखाद्या पालकाला फोन केला असता, तो भिडेखातर हो म्हणाला असता आणि वर्षभर भिडेखातरच सह्या करत राहिला असता. मग ग्रुपवर आपण म्हटलं असतं, बघा, शाळेचीच माणसं.

या समितीच्या हातात किती आहे? ती सांस्कृतिक कार्यक्रमाच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या वाटण्यासाठी आहे, असा समज पसरलाय. अभ्यासक्रम वेळेत होतोय का हे पाहणं, उपक्रमांच्या नियोजनात हातभार लावणं ही कामं तिच्याकडे आहेतच. पण खरा अधिकार फीचा आहे. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. समितीनं तो तपासून तीस दिवसांत निर्णय द्यायचा. शाळेनं मागितलेली आणि समितीनं मंजूर केलेली फी यांत पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल, तरच व्यवस्थापनाला फीचे वाद ऐकणाऱ्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. तफावत त्याहून कमी असेल तर पालक आणि शिक्षक बसलेल्या या समितीचा शब्द शाळेवर बंधनकारक. ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही आणि ती फलकावर लावावी लागते. जूनमध्ये फाटकाबाहेर ओरडणाऱ्या पालकाला हे कळेल तेव्हा त्याचा घसा सुकलेला असेल, कारण तो प्रस्ताव सहा महिने आधी, डिसेंबरच्या सुमाराला एका खोलीत मंजूर झालेला असतो.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं घेते. ते हलकं नाही. पहिला आक्षेप: समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्याध्यापक, सचिव शिक्षक आणि दोघेही संस्थेचे पगारदार. ते संस्थेविरुद्ध मत देतील कसे? खरं आहे, देणार नाहीत. कायद्याची रचनाच इथे लंगडी आहे. दुसरा आक्षेप त्याहून जड आहे. कायद्यात नंतर जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे नियामक समितीकडे तक्रार न्यायची तर किमान पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. दोन हजार मुलांच्या शाळेत याचा अर्थ सुमारे पाचशे पालक. एकट्यादुकट्या पालकाला त्या दारापर्यंत पोचताच येऊ नये अशी ही अट आहे. ती अन्यायाची आहे आणि बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे.

पण या दोन आक्षेपांतून 'म्हणून नाव देऊ नका' हा निष्कर्ष कसा निघतो? मुख्याध्यापक अध्यक्ष आहेत म्हणूनच तर समितीतले पालक जागे हवेत. आणि पाचशे सह्या गोळा करायच्या असतील तर त्या कोण करणार? आपल्या ग्रुपवर आपल्या मुलाच्या तुकडीतले चाळीस-पन्नास पालक. वरच्या इयत्तेत कोण आहे, सकाळच्या पाळीत कोण आहे, आपल्याला ठाऊक नसतं. सगळ्या इयत्तांच्या पालकांना जोडणारा एकच दोरा शाळेत असतो, तो म्हणजे हा संघ. कायद्यानं एकट्याचं दार बंद केलं असेल तर समूहाचा दरवाजा तरी आपण वापरायला नको का?

महासाथीच्या काळातली एक गोष्ट यासाठी आठवावी. मे २०२०मध्ये राज्य सरकारनं त्या वर्षी फी वाढवू नये असा शासन निर्णय काढला. पालकांना हायसं वाटलं. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मग ऑगस्ट २०२१मध्ये पंधरा टक्के सवलतीचा निर्णय आला आणि तोवर बहुतेकांनी हप्ते भरलेलेही होते. वरून येणाऱ्या दिलाशाची वाट बघण्यात सव्वा वर्ष गेलं. सरकारचा आदेश कोर्टात अडकू शकतो. शाळेच्या समितीनं कायद्यानं दिलेल्या अधिकारात, आकडे तपासून केलेला ठराव उलटवणं व्यवस्थापनालाही सोपं नसतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, त्यात पराक्रम काही नाही. फीच्या पहिल्या बैठकीत आमच्यापुढे एक पान ठेवलं गेलं. चालू फी, प्रस्तावित फी, वाढ, एवढे तीन रकाने. खर्चाचा तपशील मागितला तर 'ऑडिट व्हायचंय' असं उत्तर आलं. मी गप्प बसले. घरी येऊन चडफडले. पुढच्या बैठकीआधी मी आणखी दोघींना फोन केले आणि आम्ही तिघींनी एकामागून एक तोच प्रश्न विचारला. एकीनं आवर्जून सांगितलं, 'सर, हे इतिवृत्तात लिहून घ्या आणि उठायच्या आधी वाचून दाखवा.' त्या एका वाक्यानं खोलीतली हवा बदलली. तिसऱ्या बैठकीत जमाखर्च आला. त्यात दिसलं की बाहेरच्या प्रशिक्षकांचे पैसे मुलांकडून वेगळे घेतले जात होते आणि तेच पुन्हा 'ॲक्टिव्हिटी'च्या रकान्यातही धरले होते. तो रकाना निघाला. पण त्याच जमाखर्चात हेही दिसलं की शिक्षकांच्या पगारावरचा खर्च खरोखर वाढला होता आणि तो वाढायलाच हवा होता. त्या वाढीच्या बाजूनं मी हात वर केला. घरी येऊन ग्रुपवर ते लिहिलं तेव्हा माझ्यावरही 'शाळेची माणूस' असा शिक्का बसला. त्याचं दुःख झालं, पण मत बदललं नाही. आपल्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंना धड पगार मिळू नये असं आपल्याला वाटतं का? सर्वोच्च न्यायालयानं २००२च्या टी. एम. ए. पै निकालात खासगी संस्थांना वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली आणि नफेखोरीला मनाई केली. वाजवी कुठे संपतं आणि नफेखोरी कुठे सुरू होते, हे घोषणा देऊन कळत नाही. जमाखर्चाचं पान पुढ्यात घ्यावं लागतं.

आता भीतीविषयी, कारण खरा अडसर तीच आहे. 'माझ्या पोरावर डूख धरला तर?' हा प्रश्न आईबाप मोठ्यानं विचारत नाहीत, पण प्रत्येकाच्या मनात असतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी बसच्या भाड्यावरून कार्यालयात जाऊन वाद घातला आणि पुढचे काही दिवस त्यांच्या मुलाला वर्गात 'तुझ्या बाबांना विचार' असं ऐकावं लागलं. दहा वर्षांचं पोर, त्यानं काय करायचं? पण हेही बघा की ते गृहस्थ एकटे गेले होते. एकट्याच्या तक्रारीला चेहरा असतो आणि त्या चेहऱ्यामागे त्याचं मूल दिसतं. समितीच्या ठरावामागे सगळ्या इयत्तांतले पालक उभे असतात. कुणाकुणाच्या मुलावर डूख धरणार? शिवाय बस हा विषय तर आपला हक्काचा आहे. महाराष्ट्राच्या स्कूलबसविषयीच्या २०११च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, तिच्यावर पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो आणि पोलीस व परिवहन खात्याची माणसंही असतात. भाडं, थांबे, बसमधली बाई अटेंडंट, हे सगळं तिथे बोलता येतं. त्या गृहस्थांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

एकत्र येण्याची ही रीत मुंबईला परकी आहे का? १९७२मध्ये महागाई भडकली तेव्हा याच शहरातल्या गृहिणींनी लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी दोन वेगवेगळ्या कम्युनिस्ट पक्षांतल्या, पण महागाई प्रतिकार समितीत त्या एकत्र उभ्या राहिल्या. प्रत्येक बाई आपापल्या वाण्याशी घासाघीस करत बसली असती तर तेलाचा डबा स्वस्त झाला असता का? आणि दूर अमेरिकेतलं उदाहरण हवं असेल तर पालक-शिक्षक संघटनेचं मूळच बघा. १८९७मध्ये वॉशिंग्टन शहरात ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांच्या पुढाकारानं मातांची परिषद भरली. तिथल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला तेव्हा आणखी तेवीस वर्षं होती. त्यांनी बालवाड्यांसाठी, बालमजुरीविरोधी कायद्यांसाठी, शाळेत मुलांना गरम जेवण मिळावं यासाठी पाठपुरावा केला. मत नसलेल्या बायका हे करू शकल्या. आपल्याला तर कायद्यानं खुर्ची दिली आहे.

आणखी एक बाजू आहे, ती शिक्षकांची. मला ती सर्वांत गंभीरपणे घ्यावीशी वाटते. शिक्षिका म्हणतात, पालकांना आणखी अधिकार कशाला? रात्री अकराला 'माझ्या मुलाचा अर्धा मार्क का कापला' म्हणून मेसेज येतात, कुणीही उठतो आणि शिकवायचं कसं ते आम्हाला शिकवतो. हे अगदी खरं आहे. आपण पालक काही वेळा फार वाईट वागतो. पण मी एक प्रसंग पाहिलाय. समितीच्या बैठकीत एका आईनं मागणी केली की अमुक बाईंना वर्गावरून काढा, त्या मुलांवर सारख्या खेकसतात. दुसऱ्या एका बाबांनी शांतपणे विचारलं, वर्गात मुलं किती? साठच्या आसपास. शिक्षणहक्क कायद्याच्या प्रमाणाप्रमाणे पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मग खोलीतला सूर पालटला. बाईंना काढायची मागणी मागे पडली आणि व्यवस्थापनाकडे वाढीव शिक्षकाची मागणी गेली. खासगी मेसेजमध्ये जे भांडण बाईंशी झालं असतं, ते चार जणांत मांडल्यावर योग्य दारात गेलं. संघ नीट चालतो तिथे शिक्षकांचा जाच कमी होतो, हे माझं अनुभवातून आलेलं मत आहे.

मुळात शाळा आणि पालक या दोन वेगळ्या पार्ट्या आहेत, ही कल्पनाच मराठी माणसाला नवी असायला हवी. पार्ले टिळक विद्यालय १९२१मध्ये उभं राहिलं ते पार्ल्याच्या रहिवाशांच्या धडपडीतून. त्याआधी दोन वर्षं कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे घराघरातून मूठमूठ धान्य जमा करून वसतिगृहांतली मुलं जेवली. ज्यानं मूठभर धान्य दिलं त्याला 'तुमचा काय संबंध' असं कोण विचारणार होतं? आपण फीची पावती घेतली आणि संबंध पावतीपुरता केला. ग्राहक झालो की तक्रार करता येते किंवा दुकान बदलता येतं, तिसरं काही सुचत नाही. म्हणूनच चॅनेलवरच्या चर्चेत दोनच वाक्यं ऐकू येतात.

आणि वेळ? विरारहून चर्चगेट, डोंबिवलीहून सीएसएमटी करणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी सकाळी अकराची सभा कशी जमावी? नाही जमत. म्हणून सभा शनिवारी ठेवा ही पहिली मागणी करावी. आमच्याकडे ती एका अर्जात मान्य झाली, कुणी आधी केलीच नव्हती. समितीच्या बैठका तीन महिन्यांतून किमान एक, म्हणजे वर्षाला चारेक. सोसायटीच्या पाण्याच्या पंपावरून आपण याहून जास्त संध्याकाळी घालवतो.

वेळेची सबब सांगताना मला नेहमी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई आठवतात. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत आहे. तिथे शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम. ताई त्या समितीवर आहेत. बैठकीच्या दिवशी त्यांची दोन घरं बुडतात. एका घरी त्याचे पैसे कापतात. एकदा म्हणाल्या, 'वहिनी, पोरींच्या संडासाला कडीच नव्हती. एक पोरगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. तीन मिटिंगा बोलले तेव्हा बसली कडी.' तीन बैठका, सहा घरांचं काम बुडवून एक कडी. १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवावा लागला होता. त्याच्या ९२ वर्षांनंतर संसदेनं त्याच थरातल्या पालकाला शाळेच्या समितीत बहुमत दिलं. ताईंनी ते रोजगार बुडवून वापरलं. आमच्या इमारतीत घरून काम करणाऱ्यांना सभा जमत नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

समितीत एकदा काम केलं की लगेच पुन्हा नाव देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे गेल्या आठवड्याच्या सभेत मी मागच्या खुर्चीवर बसले होते. सभा शनिवारी होती. मुलीच्या इयत्तेतून या वेळी सात चिठ्ठ्या पडल्या. नाव निघालं ते आमच्याच इमारतीतल्या एका बाईंचं, त्या अंगठा देणाऱ्यांतल्या होत्या. रात्री साडेनऊला दार वाजलं. त्या गेल्या वर्षीच्या फीचं पत्रक घेऊन आल्या होत्या. 'काकू, यातलं आधी काय विचारायचं असतं?' आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पत्रक पसरलं आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली.